थंड हवामानातील वाइनरीची भेट: दात आंबू नयेत यासाठी टेस्टिंग आणि खाणे कसे जुळवावे?

अर्धविराम

नमस्कार. गेल्या शरद ऋतूत आम्ही दोघे आणि एक मित्रदांपत्य अशा चौघांनी थंड हवामानाच्या एका द्राक्षप्रदेशात एक दिवस घालवला. सकाळी दहाला सुरुवात करून दुपारी एकपर्यंत तीन वाइनरी पाहून झाल्या, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा प्रकार चाखले, आणि दुसऱ्या वाइनरीपासून पुढे मला एवढेच सांगता येत होते की हीसुद्धा आंबट आहे. तिथे रिस्लिंग या व्हाइट वाइनबरोबर गोड बदामी बिस्किटांची बशी ठेवली होती. बिस्किटाचा तुकडा खाऊन घोट घेतला, तर क्षणापूर्वी बरी वाटलेली वाइन लिंबू पिळल्यासारखी लागली, आणि वाढणाऱ्या बाईंसमोर तोंड वाकडे होऊ नये म्हणून मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. दुपारपर्यंत दात इतके आंबले होते की जेवताना पावाचे कवच चावणेही नकोसे झाले.

येत्या हंगामात आम्ही पुन्हा जाणार आहोत आणि या वेळी दोन पूर्ण दिवस हाताशी आहेत. परंतु गेल्या वेळी नेमके काय चुकले हे समजल्याशिवाय नव्या वाइनरींची यादी करण्यात मला अर्थ वाटत नाही. थंड प्रदेशातील वाइन मुळातच एवढी आंबट असते, की आमच्या जिभेला तिची सवय नव्हती? एका दिवसात किती वाइनरी पाहाव्यात? वाइनबरोबर काय खावे आणि काय टाळावे याला काही ठोस आधार असतो, की तो केवळ वाढणाऱ्याच्या आवडीचा भाग असतो? मी शाकाहारी आहे आणि माझे पती मासे व मांस खातात, त्यामुळे दोघांनाही उपयोगी पडेल असे उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

निरभ्र

आपल्या जिभेची काही चूक नाही. द्राक्षाचा मणी वेलीवर पिकत असताना त्यातली साखर चढत जाते आणि आम्लता उतरत जाते. सफरचंदाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल द्राक्षातही असते. मणी ते श्वसनासाठी वापरतो, आणि हे श्वसन उष्णतेत झपाट्याने तर थंडीत सावकाश चालते. त्यामुळे उष्ण प्रदेशात साखर पुरेशी भरेपर्यंत यातले बरेचसे आम्ल संपलेले असते, तर थंड प्रदेशात, विशेषतः रात्री गार असतील तर, तोडणीच्या दिवशीही ते चांगलेच शिल्लक असते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेनार्ड अमेरिन आणि आल्बर्ट विंकलर यांनी १९४४ मध्ये याच उष्णतेचा हिशेब मांडला: १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात रोजचे सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या जितके वर असेल तेवढे अंश मोजून त्यांची बेरीज करायची, आणि ती साधारण १,३९० पर्यंत असेल तर तो प्रदेश सर्वांत थंड वर्गात धरायचा. जर्मनीतील मोझेल, फ्रान्समधील शाब्ली व शॅम्पेन, ऑस्ट्रेलियाचा टास्मानिया, न्यूझीलंडचा सेंट्रल ओटागो आणि कॅनडातील नायगारा हे द्राक्षप्रदेश एकमेकांपासून कितीही दूर असले तरी तिथल्या वाइनचा कणा हा आंबटपणाच आहे. तो काढून टाकला तर त्या वाइनमध्ये पाहण्यासारखे फार थोडे उरेल.

आता बिस्किटाविषयी. ती बशी तिथे ठेवणाऱ्याने आपल्या वाइनवर अन्यायच केला, असे माझे मत आहे. गोड पदार्थ तोंडात असताना वाइनमधला गोडवा आणि फळाचा स्वाद जाणवेनासा होतो, आणि आंबट व कडवट बाजू पुढे येते. मीठ आणि आंबट पदार्थ याच्या नेमके उलट काम करतात. याचा पडताळा प्रवासाला निघण्यापूर्वी घरीच घेता येईल. कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, रिस्लिंगची किंवा सोव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइनची एक बाटली आणावी, समोर बशीत चिमूटभर मीठ, लिंबाची एक फोड, थोडी साखर आणि लोण्याचा लहान तुकडा ठेवावा, आणि प्रत्येक घोटाआधी यांपैकी एकच गोष्ट जिभेवर घ्यावी. लिंबानंतर तीच वाइन मऊ, जवळजवळ गोडसर लागते, आणि साखरेनंतर ती पाण्यासारखी पातळ होऊन नुसती टोचते. दहा मिनिटांच्या या खेळाने जे कळते ते मला कित्येक टेस्टिंगमध्ये कळले नव्हते.

जुन्या प्रसिद्ध जोड्या याच तत्त्वावर उभ्या आहेत. शाब्लीबरोबर कालवे खातात, कारण कालवांत समुद्राचे मीठ असते. शाब्लीच्या चुनखडीत प्राचीन कालवांची जीवाश्मे सापडतात म्हणून ही जोडी जुळते, असेही तिथे ऐकायला मिळेल, पण ती केवळ सांगायला गोड गोष्ट आहे. फ्रान्समधील ल्वार नदीकाठच्या साँसेरमध्ये सोव्हिन्यों ब्लांबरोबर शेजारच्याच शाविन्योल गावाचे बकरीच्या दुधाचे चीज देतात. त्या चीजला स्वतःचा आंबटपणा आणि खारटपणा दोन्ही असल्यामुळे वाइनची धार बोथट होते, आणि वाइन चीजचा तोंडात बसलेला चिकट थर धुऊन काढते. ज्या पदार्थावर आपण एरवी लिंबू पिळू, त्याच्याबरोबर थंड प्रदेशातील व्हाइट वाइन बहुतेक वेळा जमते, मग ते तळलेले मासे असोत किंवा लोण्यात परतलेल्या भाज्या. अळंबी आणि मुरलेले चीज यांच्यात जो मांसल, रसरशीत स्वाद असतो तो मात्र वाइनला कठोर करतो. तशा पदार्थांत मीठ किंवा आंबट नीट असेल तर निभावते.

तळटीप

निरभ्र यांनी चवीविषयी लिहिले आहे, म्हणून मी दिवसाच्या आखणीविषयी लिहितो. तीन तासांत तीन वाइनरी म्हणजे केवळ धावाधाव झाली. माझ्या मते एका दिवसात दोन पुरे: सकाळी अकराच्या सुमारास एक, आणि दुपारी जिथे वाइनबरोबर जेवण देतात अशी दुसरी. पहिल्या ठिकाणी द्राक्षबाग आणि तळघर पाहावे, दुसऱ्या ठिकाणी बसून खावे.

प्रमाणाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. १९७७ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाखण्याचा ग्लास सुमारे २१५ मिलिलिटरचा असतो आणि त्यात ५० मिलिलिटर वाइन ओततात. वाइनरीत सहसा याहून कमी ओतले जात असले, तरी ५० धरले तर सहा प्रकारांचे ३०० मिलिलिटर होतात, आणि आपल्या तीन वाइनरींत मिळून एका माणसाने एका बाटलीहून अधिक वाइन रिचवली असे होईल. म्हणून पिकदाणीचा वापर करण्यात संकोच बाळगू नये. वाइन बनवणारे स्वतः दिवसभर थुंकतात, आणि न थुंकणारा पाहुणाच नवखा समजला जातो. थुंकूनही थोडे मद्य पोटात आणि रक्तात जातेच, त्यामुळे गाडी चालवणाऱ्या व्यक्तीने फक्त वास घ्यावा किंवा वाहनाची वेगळी सोय करावी.

जागा आगाऊ ठरवताना पत्रातच तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: एक व्यक्ती शाकाहारी आहे, आपल्याला बसून आणि खाण्यासह टेस्टिंग हवे आहे, आणि शक्य असल्यास एकाच द्राक्षाच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन शेजारी ठेवून चाखायच्या आहेत. ही तिसरी विनंती सहसा कोणी करत नाही, परंतु थंड प्रदेशात तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो, कारण तिथे एखादा ओला, गार उन्हाळा आणि त्यानंतरचा उबदार उन्हाळा यांतला फरक ग्लासात सरळ दिसतो. उत्तर गोलार्धात तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि दक्षिण गोलार्धात मार्च-एप्रिलमध्ये चालते. त्या दिवसांत क्रेटमधून येणारे घड, दाबयंत्रातून वाहणारा रस आणि चोथ्याचा ढीग पाहायला मिळतो, पण वाइन बनवणाऱ्याला बोलायला सवड नसते. बोलायचे असेल तर तोडणीच्या महिनाभर आधी जावे.

काही बारीक गोष्टी. तळघरात उन्हाळ्यातही १० ते १३ अंशांच्या आसपास गारवा असतो, तेव्हा अंगावर घ्यायला काहीतरी न्यावे. अत्तर लावू नये. टेस्टिंगच्या अगदी आधी पुदिन्याच्या पेस्टने दात घासू नयेत. व्हाइट वाइन थेट बर्फगार आली तर ग्लासाचा फुगीर भाग दोन्ही तळव्यांत धरून मिनिटभर थांबावे; ८-१० अंशांना वास उघडतो आणि तीच वाइन कमी बोचरी वाटते. आणि माझी आवडती युक्ती अशी की पहिले दोन ग्लास संपवू नयेत. वाढणाऱ्याला ते न उचलण्याची विनंती करावी, आणि खाणे आल्यावर त्यांच्याकडे परत जावे. रिकाम्या पोटी नापसंत केलेली वाइन खारवलेल्या ऑलिव्हनंतर आवडल्याचे मी स्वतःच्या बाबतीत इतक्या वेळा पाहिले आहे की पहिल्या घोटावरचे माझे मत मी आता लिहूनही ठेवत नाही.

दीपमाळ

निरभ्र यांचे विवेचन पटले, तरी थंड प्रदेश म्हणजे आंबट आणि कोरडी व्हाइट वाइन असा जो समज त्यातून होऊ शकतो, त्याला माझी हरकत आहे. मोझेलच्या उभ्या, पाटीच्या दगडांच्या उतारांवर बनणाऱ्या काबिनेट रिस्लिंगमध्ये अनेकदा ८ टक्क्यांच्या आसपासच मद्य असते, कारण सगळी साखर आंबून तिचे मद्य होण्याआधीच ती प्रक्रिया थांबवलेली असते. उरलेली साखर आणि तीव्र आम्लता एकमेकींना तोलून धरतात, त्यामुळे ती वाइन धड गोडही लागत नाही आणि दातही आंबवत नाही. आपल्याला पहिल्यांदा अशीच वाइन मिळाली असती तर हा प्रश्न वेगळ्या शब्दांत आला असता. तिखट पदार्थांबरोबर तर हीच वाइन सर्वांत बरी, कारण जास्त मद्य असलेली वाइन तिखटाची आग वाढवते. लेबल वाचताना मात्र एक खबरदारी घ्यावी: काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ हे शब्द तोडणीच्या वेळी द्राक्षे किती पिकली होती ते सांगतात, बाटलीतली वाइन किती गोड आहे ते सांगत नाहीत. ‘ट्रोकन’ हा शब्द दिसला तर ती वाइन कोरडी, म्हणजे लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर असलेली समजावी.

रेड वाइनविषयी कोणी लिहिले नाही. थंड प्रदेशात पिनो न्वार फार चांगली होते. तिच्या पातळ सालीतून टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, बेताचे उतरते आणि आंबटपणा ठसठशीत राहतो, म्हणून आपण अळंबी आणि आपले पती सॅमन किंवा बदक असे दोन वेगळे पदार्थ एकाच बाटलीबरोबर खाऊ शकता. माशांबरोबर रेड वाइन चालत नाही हा नियम सरसकट पाळण्याचे कारण नाही. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी स्कॅलॉप या शिंपल्यातील जीवाबरोबर अनेक वाइन चाखवून पाहिल्या, तेव्हा तोंडात मागे राहणाऱ्या उग्र मासळी वासाचे कारण वाइनमधले लोह असल्याचे दिसून आले. ज्या रेड वाइनमध्ये लोह कमी, तिच्याबरोबर तो त्रास होत नाही.

थंड प्रदेशातील सिरा ही रेड वाइन मिळाली तर ती दोघांनी मिळून अवश्य चाखावी. तिच्यात काळ्या मिऱ्यांचा जो स्पष्ट वास येतो तो रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, आणि साधारण पाचांतल्या एका माणसाला तो वास मुळीच येत नाही. आमच्या घरात मी मिरी-मिरी म्हणत राहते आणि माझा भाऊ ग्लासात नाक खुपसून मला खोटे ठरवत राहतो. दोघेही खरे बोलत असतो.

शेवटी गोड पदार्थाचा प्रश्न. वाइन त्या पदार्थापेक्षा गोड असली पाहिजे, नाहीतर आपल्या बिस्किटाचा प्रकार पुन्हा घडेल. जर्मनीत आइसवाइनसाठी द्राक्षे वेलीवरच उणे ७ अंश किंवा त्याखाली गोठलेली असावी लागतात, कॅनडात उणे ८. ती गोठलेल्या अवस्थेतच दाबली की पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि दाट, गोड, तितकाच आंबट रस निघतो. एवढ्या गोड वाइनबरोबर मी मिष्टान्न घेतच नाही, खारट निळे चीज घेते.

काठावरचा

शाकाहाराबद्दल थोडे सांगतो, कारण ही बाजू नेहमी राहून जाते. वाइन निवळण्यासाठी परंपरेने अंड्याचा पांढरा भाग, दुधातले केसीन, जिलेटीन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेले आयसिंग्लास वापरतात. हे पदार्थ गढूळ कणांना धरून तळाशी बसतात आणि मग वाइन वरून काढून घेतली जाते, म्हणजे ते बाटलीत राहावेत असा उद्देश नसतो, तरीही अनेकांना ते चालत नाही. बेंटोनाइट नावाची माती वापरूनही वाइन निवळते, आणि काही वाइनरी केवळ वेळ देऊन, गाळ आपोआप बसू देतात. युरोपीय संघात अंडी आणि दूध यांचे अंश वाइनमध्ये उरले असतील तर ते लेबलवर लिहावे लागते, माशाच्या आयसिंग्लासला मात्र त्यातून सूट आहे, तेव्हा त्याविषयी तोंडानेच विचारावे लागते. ‘ही कशाने निवळली आहे?’ एवढा प्रश्न पुरतो.

हाच प्रश्न चीजलाही विचारावा, असे मी सुचवीन. युरोपातील अनेक पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध नासवून करतात. वाइनरीतील थाळीवर ती हमखास असतात, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने चीज म्हणजे शाकाहारीच असते. जागा ठरवण्याच्या पत्रात ‘शाकाहारी’ एवढेच न लिहिता ‘प्राण्यांचे रेनेट नको’ असेही लिहिले तर थाळी आली की मागे पाठवण्याचा अवघड प्रसंग टळेल.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. निरभ्र यांची मीठ-लिंबाची चाचणी काल रात्री दोघांनी करून पाहिली. सोव्हिन्यों ब्लां आधी जिभेच्या दोन्ही कडांना चरचरली, मिठाच्या चार कणांनंतर तिच्यात अचानक पेरूसारखा वास जाणवू लागला, आणि साखरेनंतर आम्ही दोघांनीही ग्लास खाली ठेवला. रेनेटची बाब मला खरोखरच ठाऊक नव्हती, आणि गेल्या वर्षीच्या थाळीविषयी आता विचार न केलेलाच बरा. आम्ही दोन दिवसांत चारच वाइनरी ठरवल्या आहेत आणि दोन्ही दुपारी जेवणासह टेस्टिंग आहे.

तीन शंका मात्र उरल्या आहेत. गेल्या वेळी एका शार्दने या व्हाइट वाइनला लोण्याचा वास होता आणि ती इतरांहून सौम्य होती, तर ती थंड प्रदेशाची असूनही तशी कशी? एका जुन्या रिस्लिंगला चक्क रॉकेलसारखा वास येत होता, ती बिघडलेली होती का? आणि तिथून आणलेल्या एका बाटलीच्या तळाशी व बुचाच्या आतल्या टोकाला काचेच्या चुऱ्यासारखे चकचकीत खडे आढळले, म्हणून भीतीने आम्ही ती ओतून दिली. ते काय असावे?

निरभ्र

ती बाटली ओतून द्यायला नको होती. ते काचेचे तुकडे नसून टार्टारिक आम्लाचे पोटॅशियमबरोबर तयार झालेले क्षार होते. आम्लता भरपूर असलेली वाइन थंडीत राहिली की ते खड्यांच्या रूपात बाहेर पडतात, आणि ते पूर्णपणे निरुपद्रवी असतात. एखादा खडा दाताखाली घेतला तर कुरकुरीत आणि आंबट लागतो. अनेक वाइनरी बाटली भरण्यापूर्वी टाकीच मुद्दाम गोठणबिंदूजवळ नेऊन हे खडे आधी पाडून घेतात. ज्या तसे करत नाहीत त्यांच्या बाटलीत ते पुढे आपल्या घरच्या फ्रीजमध्ये पडतात. ओतताना बाटली सावकाश तिरपी करावी आणि शेवटचा घोटभर भाग सोडून द्यावा.

शार्दनेच्या बाबतीत तिथल्या माणसांनी आम्लाचे रूपांतर होऊ दिले होते. दारू आंबून झाल्यावर ईनोकॉकस ईनी नावाचे जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे दुधातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, आणि त्याच वेळी डायअॅसिटिल नावाचे द्रव्य तयार होते, ज्याचा वास लोण्याचा. रिस्लिंगमध्ये हे बहुधा मुद्दाम टाळले जाते, म्हणून तिची धार कायम राहते. वाइनरीत बसल्यावर ‘यात आम्लाचे रूपांतर झाले आहे का, आणि किती?’ असे विचारा. अशी शार्दने ताज्या लोण्यातल्या किंवा सायीच्या पदार्थांबरोबर चालेल आणि कालवांबरोबर ती मागे पडेल.

रॉकेलचा वास जुन्या रिस्लिंगचा स्वभावच आहे. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून पुढे बाटलीत टीडीएन हा घटक सावकाश तयार होतो, आणि ज्या घडांवर ऊन जास्त पडले असेल त्यांच्यात तो अधिक असतो. काहींना तो हवाहवासा वाटतो, मला बेतानेच आवडतो.

दात आंबण्यावर एक शेवटची सूचना: संध्याकाळी खोलीवर परतल्यावर लगेच दात घासू नका. आम्लाने दातांवरचे आवरण त्या वेळी मऊ पडलेले असते आणि ब्रशने ते झिजते. साध्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात, आणि किमान अर्धा तास जाऊ द्यावा.